इंग्रजी न येणारी आजी हवी होती

सगळ्यांत आधी आली ती नाओमी, आणि तीही तोंड फुगवून. आम्ही अजून दारात बूट काढत होतो. आम्हाला छान हसून हाय केलं, स्वतःच्या आईकडे मात्र बघितलंसुद्धा नाही. काय ते मी ओळखलं. मायलेकींचं सगळीकडे सारखंच. पण मी मधूनच सुरू केलं, नीट सांगते.

मी सांगलीची, शाळा चौथीपर्यंत. सध्या एडमंटनला लेकीकडे आले आहे. फोनसमोर बोललं की मराठी आपोआप उमटतं, चुका नात काढते, तसा हा ब्लॉग. नात सई इथे युनिव्हर्सिटीत शिकते. तिथे कवितांच्या एका कार्यक्रमात तिची साचिए नावाच्या जपानी बाईंशी ओळख झाली. वय ऐंशीच्या पुढे. जन्मभर त्यांनी इंग्रजी कविता जपानीत नेल्या, कपाटभर पुस्तकं झाली. स्वतःच्या कविताही जपानीत. नाओमी ही त्यांची एकुलती लेक, तिला जपानी येत नाही. आपण आहोत तोवर लेकीला आपल्या कविता वाचता याव्यात म्हणून बाई त्या इंग्रजीत करायला बसल्या, आणि काम अडलं. सई बोलता बोलता म्हणाली, माझ्या आजीला इंग्रजी अजिबात येत नाही. तर बाई म्हणाल्या, मग तिला घेऊन या. असं आमंत्रण मला आयुष्यात पहिलंच.

बाईंचं गाव कॅलगरीच्याही दक्षिणेला, तेव्हा एडमंटनहून सकाळी लवकर निघा. रस्ता सरळसोट, दुतर्फा कनोलाची पिवळी शेतं, आपल्या मोहरीसारखी. रेड डिअरला थांबून वॉशरूम उरकून घ्या, कॉफी तिथेच मिळते. आम्ही दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी बरोबर घेतली होती, त्यामुळे जेवणाचा खर्च नाही. कॅलगरीला गर्दी लागते, त्याच्या खाली वारा. इतका, की गाडीचं दार दोन्ही हातांनी धरावं लागतं; माझा पदर तर दोनदा सईच्या तोंडावर. मोटेल आधीच बुक करा, नाश्ता त्यातच असतो, पण तिखट काही नसतं.

साचिएबाईंचं घर गावाच्या टोकाला. हिरवा चहा आला, दूध नाही, साखर नाही. मी काढा समजून घेतला. त्यांनी दशमी चटणीला लावून खाल्ली आणि डोळ्यांतलं पाणी पुसत आणखी मागितली. मग सगळं सांगितलं, सई मला मराठीत करून देत होती. जन्म मासेमारीच्या गावात, वडील जाळी विणायचे. लहान मुलांना शिकवायला म्हणून इकडे आल्या आणि इथल्या एका सुताराशी लग्न केलं. हिवाळ्यात घरात कोंडलं की सासूची इंग्रजी मासिकं वाचायच्या, आवडलेली कविता जपानीत करून माहेरी धाडायच्या. तिकडे कुणीतरी ती छापायला दिली, तिथून पुढे कामच लागलं.

त्यांची एक रीत होती. कविता जपानीत झाली की नवऱ्याला वाचून दाखवायची. त्याला जपानीचं अक्षर कळत नव्हतं. बाई म्हणाल्या, ज्याला कळतं तो अर्थामागे धावतो. ज्याला कळत नाही त्याला नुसती चाल ऐकू येते. आता नवरा नाही, आणि भाषाही उलटी. या गावात इंग्रजी न येणारं माणूस आणायचं कुठून? नाओमीचा राग त्याचाच. तिचं म्हणणं, मी वर्षभर मागे लागले आहे, मला वाचून दाखव म्हणून, आणि आई परक्यांना बोलावते.

सईने मला बजावलं होतं, मध्ये बोलायचं नाही. बाई आपल्या कवितांचं इंग्रजी वाचू लागल्या. आता आमच्याकडे कुणी काही सांगत असलं की ऐकणाऱ्याने हुंकार द्यायचा असतो, नाहीतर सांगणाऱ्याला वाटतं झोपली. माझ्या तोंडून ओळीओळीला हं, हं निघायला लागलं. सईने चिमटा काढला. बाई थांबल्या. मला वाटलं, घालवलं आपण. पण त्या हसल्या. म्हणाल्या, माझी आई असंच करायची, जपानमध्ये सगळेच करतात. नवरा बिचारा भिंतीसारखा बसायचा, मला वाटायचं आवडलंच नाही.

पुढे एका ओळीला माझा हुंकार आला नाही, तर त्यांनी कारण विचारलं. मी खरं सांगितलं, खिडकीत मॅगपाय पक्षी आला होता, त्याची शेपटी बघत होते. त्यांनी पेन्सिलने ती ओळ खोडलीच. म्हणाल्या, पाखरापुढे हरणारी ओळ ठेवून काय करू?

नाओमी अजून दाराला टेकून उभी. मला राहवलं नाही. मी सईला म्हटलं, "विचार त्यांना, हिला जपानी का नाही वाचून दाखवत? बापाला तरी कुठे येत होतं?"

सईने विचारलं.  बाईंनी नवऱ्याची खुर्ची ओढली आणि लेकीला हाताने बोलावलं. जपानीत वाचलेलं मला कळलं नाही, नाओमीलाही नाही. ती आधी भिंतीसारखीच बसली होती. तिसऱ्या-चौथ्या ओळीला तिच्या तोंडून हलकेच आलं, "हं." बाईंनी कविता पूर्ण वाचली.

निघताना नाओमी म्हणाली, "आजी, तुम्ही आईचं इंग्रजी ऐका, जपानी माझ्याकडे." सईनेच ते मराठीत सांगितलं. अजून निम्म्या कविता उरल्या आहेत.

एडमंटनला परत येऊन आठवडा झाला. जेवताना सई तिच्या आईला घाईघाईत इंग्रजीत काही सांगते, पूर्वी मी ताट घेऊन उठायचे. आता बसते आणि हुंकार देते. मग तीच थांबते आणि मराठीत सांगते. माझं परतीचं तिकीट ऑगस्टचं होतं, ते जावयांनी पुढे ढकललं. साचिएबाईंना आम्ही शब्द दिला आहे: सप्टेंबरचा पहिला शनिवार, आणि चटणी जास्त.