जर्मन गाण्यातल्या माणसाचं लग्न

दोन हजार चार-पाचच्या सुमारास मी हिंजवडीतल्या एका कंपनीत होतो आणि जवळच्या नेरे गावात भाड्याने राहत होतो. मूळचा परभणीकडचा. पगार वाढेल या आशेने जर्मन भाषेचे पहिले दोन वर्ग केले होते. पगार वाढला नाही, पण कंपनीत आलेल्या जर्मन साहेबाला मी सापडलो. साठीला टेकलेला हा माणूस दिवसभर यंत्रांचे आराखडे तपासायचा आणि उरलेल्या वेळात गायचा. कवितेला चाल लावायची आणि पियानोच्या साथीने एकट्याने गायची, ही त्याच्या देशाची जुनी रीत. आपल्या भावगीताच्या जवळची. अशा गाण्यांचा महोत्सव त्याला दरवर्षी एखाद्या खेड्यात भरवायचा होता.

माझे घरमालक ग्रामपंचायतीचे सदस्य होते. त्यांनी समाजमंदिर मिळवून दिलं.

"एकलाच गाणार?" त्यांनी विचारलं.

"एकटेच. बायको पेटीसारखं वाजवणार."

"मग त्याला महोत्सव का म्हनायचं?"

मी विषय पियानोकडे वळवला. तो गावात कुठेच नव्हता. वरातीत वाजवणाऱ्या पार्टीकडून कीबोर्ड आणला आणि तो शाळेच्या बाकावर ठेवला. रविवारी दुपारी चार वाजता साठेक माणसं जमली. प्रत्येक गाण्याआधी त्याचा अर्थ मराठीत सांगायचं काम माझ्याकडे होतं.

साहेबाच्या गाण्यांत एक माणूस होता. तळ्याच्या अलीकडे राहायचा. पलीकडच्या एका मुलीला पत्रं लिहायचा. ती उत्तर द्यायची नाही. पुढच्या गाण्यात तो काठावर बसायचा, त्याच्या पुढच्यात चंद्राशी बोलायचा. मी हे सगळं जमेल तसं सांगितलं. तिसऱ्या गाण्यानंतर पुढे बसलेले एक म्हातारबाबा उठले.

"त्येला शेती किती हाय?"

"गाण्यात तसं दिलेलं नाही, बाबा."

"मग पोरीचा बाप कशावर हो म्हनंल?"

साहेबाने मला विचारलं, ते काय म्हणतायत. मी म्हणालो, त्यांना तुमची लय आवडली. साहेबाने छातीवर हात ठेवून बाबांना नमस्कार केला. बाबा खाली बसले, पण त्यांचं समाधान झालं नव्हतं.

दुसऱ्या वर्षी समाजमंदिर भरलं, शेजारच्या जांबे गावाहूनही माणसं आली. नंतर कळलं की गाण्यासाठी कोणी आलंच नव्हतं. त्या माणसाचं पुढे काय झालं, हे त्यांना हवं होतं. सरपंचबाईंनी मला दारातच धरलं.

"पत्राचं उत्तर आलं का न्हाई?"

"न्हाई आलं," मी म्हणालो. तोवर माझी भाषा बिघडली होती.

"वर्ष झालं की. मधी कुनी मानूस न्हाई का घालता येत?"

मी अडकलो. त्या वर्षी साहेबाची गाणी आणखी दुःखी होती. शेवटच्या गाण्यात तो माणूस होडी सोडून देतो आणि तळ्यात उतरतो. ते सांगायला उभा राहिलो आणि समोर पाहिलं. बायका पदर सावरून, पुढे सरकून बसल्या होत्या. माझी जीभ वळेना. मी सांगितलं, तो होडीने पलीकडे जायला निघाला. समाजमंदिरात हायसं वाटल्याचा आवाज झाला आणि साहेबाने त्याच्यावर बुडण्याचं गाणं म्हटलं.

एकदा होडी निघाली की ती पोचवावी लागते. तिसऱ्या वर्षी साहेबाने तळ्याकाठच्या एका थडग्याचं गाणं आणलं होतं. मी त्याचं लग्न लावून दिलं. मुलीचे वडील आधी नाही म्हणाले, मग मामाने समजूत काढली, असंही घातलं. साहेब डोळे मिटून गात होता, बायको हळुवार वाजवत होती आणि समोर माणसं एकमेकांना टाळ्या देत होती. गाणं संपलं तेव्हा साहेबाच्या गालावर पाणी होतं. त्याने डोळे उघडले, तर सरपंचबाई टोपी, उपरणं आणि नारळ घेऊन समोर उभ्या.

"नवरदेवाला द्या म्हनावं," त्या मला म्हणाल्या.

साहेबाने टोपी घातली आणि माझ्याकडे पाहिलं. घरी जाताना गाडीत मी त्याला सगळं खरं सांगितलं. बाबांची शेती, होडी, मामा, काहीच ठेवलं नाही. नोकरी गेली असंच मी धरून चाललो होतो. बायकोने मागून विचारलं, "मुलगी कबूल होती का?"

"होती," मी म्हणालो.

"मग ठीक आहे," ती म्हणाली.

साहेबाने टोपी काढून मांडीवर ठेवली. "तीस वर्षं ही गाणी गातोय," तो म्हणाला, "आणि त्याला कोणी मदत करावी असं माझ्या मनात कधीच आलं नाही."

चौथ्या वर्षी त्याने मुद्दाम आनंदी गाणी निवडली, म्हणजे मला खोटं बोलावं लागू नये. पहाट, पाखरं, वसंत, रानात एकट्याने हिंडणं. मी शब्दाला शब्द सांगितला. लोक एकमेकांकडे पाहू लागले. शेवटी म्हातारबाबा उठले.

"लगीन झालेला मानूस सकाळी सकाळी एकलाच रानात कशाला हिंडतुया? घरी काय बिनसलंय का, खरं सांगा."

मी ते साहेबाला जसंच्या तसं सांगितलं. त्याने बायकोकडे पाहिलं, ती हसू दाबत होती. मग त्याने मला सांगायला लावलं, की तसं काही नाही, तो दूध आणायला निघालाय.

"मग चालू द्या," बाबा म्हणाले, आणि साहेबाने ते गाणं पहिल्यापासून परत म्हटलं.