मागची खुर्ची आणि पाच काड्यांची छत्री

ग्रेडी हॅग्वुडच्या होडीत दोन खुर्च्या होत्या. पुढची ग्रेडीची आणि मागची आर्विल प्रूइटची. हे कुणी कुठे लिहून ठेवलेलं नव्हतं, पण मिंटर्स बेंड गावात कुणालाही विचारलं असतं तरी त्यानं हेच सांगितलं असतं. मागच्या खुर्चीचं रेक्झिन आर्विलच्या बैठकीनं एका बाजूला दबलं होतं. ग्रेडीनं मध्यंतरी होडी बदलली, तेव्हा जुन्या होडीतली तेवढी खुर्ची काढून नव्या होडीत बसवून घेतली. "नवीवर तो बसायचा नाही, दिवसभर कुरकुरेल," असं तो गळ-आमिषांच्या दुकानात म्हणाला होता.

आर्विलनं सारी नोकरी टेलिफोनच्या खांबांवर काढली होती. बोलणं कमी. गाठ मारावी तर त्यानंच. निवृत्त झाला तेव्हा त्याच्या उजव्या खांद्यानंही निवृत्ती घेतली, तो हात पूर्ण वर जाईना. तरी शनिवारी पहाटे ग्रेडीचा ट्रक दारात येऊन दोनदा हॉर्न वाजवी आणि आर्विल गळाच्या काठ्या घेऊन बाहेर पडे. दोघं धरणाच्या तलावावर जात, दुपारी सॉसेजचा डबा फोडून खाऱ्या क्रॅकर्सबरोबर खात आणि संध्याकाळी फारसं काही न बोलता परत येत. बायकोपेक्षा आपण ग्रेडीबरोबरच जास्त वेळ गप्प बसलो आहोत, असं आर्विल म्हणे. नेल्डाला, म्हणजे त्याच्या बायकोला, ते मान्य होतं.

नाताळ संपला की दोघांचं एक काम ठरलेलं असे. गावात लोक आपापली नाताळची झाडं रस्त्याच्या कडेला टाकून देत. ती ट्रकमध्ये गोळा करायची, बुंध्याला सिमेंटचे ठोकळे बांधायचे आणि तलावात आपल्या माहितीच्या जागी बुडवायची. छोटी मासळी त्या फांद्यांत लपायला येते आणि तिच्यामागे बास मासा येतो. ठोकळे बांधायचं काम आर्विलचं. टेलिफोनच्या जाड केबलच्या आत निळी तार असते, ती त्याच्या गॅरेजमध्ये भेंडोळ्यांनी पडली होती. त्या तारेनं तो अशी गाठ मारी, की झाड कुजून जाईल पण गाठ सुटायची नाही. झाडं कुठे आहेत ते दोघांनाच ठाऊक. एकानं दाखवलेल्या जागेवर त्याच्याशिवाय गळ टाकायचा नाही, हा त्या पाण्यावरचा धर्म होता. चर्चला दांडी मारणारेही तो पाळत.

असं सगळं सुरळीत चाललं असताना डेरिक मॅब्री गावात राहायला आला.

डेरिक तिशीचा, हसरा, खांदे मजबूत. येताना तो एक छत्री घेऊन आला. पावसाची नव्हे. कापड उडून गेलेल्या छत्रीसारख्या पाच तारा, आणि प्रत्येक तारेच्या टोकाला एक रबरी मासोळी. पाण्यातून ओढली की वाटावं, पाच माशांचा लहानसा थवाच चाललाय.

आमिषांच्या दुकानात त्यानं ती काउंटरवर ठेवली तेव्हा सगळे भोवती जमले.

"हे काय, झुंबर?" दुकानदार हॅचर म्हणाला.

"हसा तुम्ही," डेरिक म्हणाला. "पण ही रोज नाही चालत, बरं का. उन्हाळ्यात वापराल तर हात तेवढे दुखतील. पाणी गार पडलं पाहिजे. थंडीत शॅड मासोळ्यांचे थवे पाण्यात अधांतरी तरंगतात, आणि बासही तळ सोडून, गवत सोडून त्यांच्याखाली लटकून राहतो. तेव्हा एकट्यादुकट्या आमिषाकडे तो बघत नाही. त्याला थवा लागतो. पाणी नितळ हवं, थोडा वारा, वर ढग. आणि सावकाश ओढायची."

"आणि झाडाझुडपात?" ग्रेडीनं विचारलं.

"झाडात टाकली तर गेली. पाच गळ, पाच ठिकाणी अडकणार. खाली मोकळं पाणी पाहिजे."

ग्रेडीनं ती छत्री हातात घेऊन इतक्या कौतुकानं फिरवली, की आर्विलनं मान वळवून खिडकीबाहेर पाहिलं. ग्रेडीनं आपल्या नातवालाही असं हातात घेतलेलं त्याला आठवत नव्हतं.

"मिस्टर आर्विल, तुम्हीही बघा ना," डेरिक म्हणाला.

आर्विलला ते टोचलं. ग्रेडी त्याच्याहून वर्षानं मोठा, पण त्याला डेरिक नुसतं 'ग्रेडी' म्हणे, 'तू' म्हणे. आणि ह्याला मिस्टर आर्विल. मान आपल्याला आणि मैत्री त्याला.

"दिसतंय मला इथून," आर्विल म्हणाला.

जानेवारीत ग्रेडी अधूनमधून डेरिकबरोबर जायला लागला. मधल्या वारी, शनिवारी नव्हे. पण एका मंगळवारी कोंबड्यांचं खाद्य आणायला निघालेल्या आर्विलला रस्त्यावरून तलाव दिसला. रेल्वेच्या जुन्या पुलाच्या खांबांपाशी, जिथे नदीचा मूळ प्रवाह खोल आणि तळ स्वच्छ आहे, तिथे ग्रेडीची होडी उभी होती. मागच्या खुर्चीवर डेरिक. आर्विलनं ट्रक कडेला लावला. त्याच्या डोळ्यांदेखत डेरिकनं एका ओढीत दोन मासे वर आणले, आणि ग्रेडीनं टोपी काढून गुडघ्यावर आपटली. ग्रेडी खरोखर खूश असला म्हणजेच हे करतो. ती टोपी इतकी वर्षं आर्विलनं मोजक्याच वेळा आपटायला लावली होती.

त्या दिवशी तो खाद्य न घेताच घरी आला.

हेव्याची एक गंमत आहे. ज्याचा हेवा वाटतो त्याचा अभ्यासही आपोआप होतो. महिनाभरात आर्विलला छत्रीविषयी डेरिकइतकंच कळायला लागलं. सकाळी अंगणात उभं राहून तो वारा बघे, ढग बघे, आणि पुटपुटे, "आज चालणार मेल्याची." कडक ऊन पडून पाणी आरशासारखं शांत झालं की त्याला भूक लागे.

फेब्रुवारीअखेर गावच्या मासेमारी क्लबची जोड्यांची स्पर्धा असते. एका होडीत दोघं, दिवसभराचे पाच उत्तम मासे, वजन करायचं. आर्विल आणि ग्रेडी ती कधी जिंकले नव्हते, पण कधी चुकलेही नव्हते. ग्रेडी यंदा काही बोलला नव्हता. दुकानात हॅचर डोळे मिचकावून म्हणाला, "काय ग्रेडी, यंदा मागच्या खुर्चीला नवीन भाडेकरू का?" ग्रेडी नुसता हसला. नाही म्हणाला नाही. आर्विल तिथेच उभा होता.

घरी आल्यावर नेल्डा म्हणाली, "विचार की त्यालाच सरळ."

"मी का विचारू? होडी त्याची."

"आधी कधी त्यानं विचारलं होतं?"

"आधी डेरिक नव्हता."

बुधवारी संध्याकाळी सारं गाव चर्चच्या जेवणाला जातं. आर्विलनं खांद्याचं निमित्त सांगितलं. नेल्डा तवाभर मक्याचा पाव घेऊन गेली, आणि ह्यानं गॅरेजमागची चार झाडं ट्रकमध्ये टाकली. ग्रेडीबरोबर बुडवायची म्हणून गोळा केलेली. ठोकळे बांधले. मेव्हण्याची पत्र्याची नाव घेतली आणि उजेड पुरता जायच्या आत पुलाखाली जाऊन, खांबांमधल्या स्वच्छ पाण्यात, बरोबर डेरिकची छत्री फिरते त्या ओळीत, एकामागून एक चारही झाडं सोडली. खांदा आता खरंच दुखत होता. घरी येऊन त्यानं हात धुतले आणि गार झालेलं कोबीचं सूप प्यायला. बरं वाटेल अशी त्याची अपेक्षा होती. तसं काही वाटलं नाही.

स्पर्धेच्या शनिवारी पहाटे दारात हॉर्न वाजला. दोनदा.

आर्विल रात्रीच्या कपड्यांतच दाराशी गेला.

"अजून चड्डीवर?" ट्रकमधून ग्रेडी ओरडला. "लेका, कुणी आधी निघायचं त्याची सोडत होऊन गेली तर शेवटचा नंबर लागेल आपला."

"आपला?"

"मग कुणाचा, पाद्र्याचा?"

आर्विल दाराची चौकट धरून उभा राहिला. "मला वाटलं, डेरिक..."

"डेरिक सासऱ्याबरोबर आहे. त्याला काय बायको नाही होय? चल, पँट चढव."

नेल्डानं मागून न्याहारीची पिशवी त्याच्या हातात दिली. गरम फुगीर बिस्किटं, आत सॉसेज. ती चारापासून उठून बसली होती. तिला एवढं ठाऊक होतं, तर आपल्याला का नव्हतं, हा प्रश्न आर्विलला होडीच्या धक्क्यापर्यंत पुरला.

हवा झक्क होती. आभाळ भरलेलं, उत्तरेचा वारा, पाण्यावर बारीक सुरकुत्या. ग्रेडीनं होडी थेट पुलाकडे वळवली.

"आधी आपल्या झाडांकडे जाऊ," आर्विल म्हणाला.

"आज झाडं कसली? आज छत्रीचा दिवस आहे. महिनाभर उगाच नाही त्या पोराच्या बडबडीत बसलो." त्यानं खालच्या कप्प्यातून एक छत्री काढून आर्विलच्या मांडीवर ठेवली. "धर. तुझ्यासाठी बनवलीय. त्याची जड पडते, तुझा खांदा नाही झेपायचा. ही बारीक तारेची आहे, आमिषंही लहान. खालूनच भिरकाव, हात वर न्यायला नको."

आर्विलनं छत्री हातात घेतली. तारांची जोडणी ओबडधोबड होती. ग्रेडीला गाठ कधी जमलीच नाही. प्रत्येक तारेशी तो किती झगडला असेल ते दिसत होतं.

होडी खांबांपाशी थांबली. आर्विलनं पहिली फेक डावीकडे, पार उघड्यावर टाकली. काही नाही. दुसरीही तिकडेच.

"अरे, तिकडे काय गाई चारायच्यात? खांबांच्या मधे टाक."

"वारा नेतोय."

"वारा दुसरीकडून आहे, आर्विल."

तिसरी फेक त्यानं होडीपासून हातभर अंतरावर पाडली. ग्रेडीनं सुस्कारा सोडला, आपली छत्री उचलली आणि दोन खांबांच्या मधोमध नेमकी टाकली. खाली जाऊ दिली, मग सावकाश ओढायला लागला. काठी वाकली. "लागला," तो म्हणाला, आणि मग, "नाही. अडकली." त्यानं होडी जवळ नेली, दोरी हाताला गुंडाळून ओढली. आर्विल आपल्या बुटांकडे बघत बसला. बराच वेळ ओढल्यावर तळाशी काहीतरी सुटलं आणि छत्रीबरोबर एक झाडच वर आलं. फांद्या अजून हिरव्या, शेंड्याला चंदेरी झिरमिळीचा तुकडा. बुंध्याला निळी तार आणि तिला अर्धा फुटलेला ठोकळा.

ग्रेडीनं अंगठ्यानं गाठ चाचपली. पुलावरून एक मालगाडी गेली, ती पूर्ण जाईपर्यंत तो चाचपत राहिला.

"गाठ सुटली नाही," तो म्हणाला. "ठोकळा फुटला."

आर्विलनं आपली छत्री खाली ठेवली.

"किती टाकलीस?"

"चार."

"कधी?"

"बुधवारी."

"खांदा दुखत होता तेव्हा." ग्रेडीनं झाड पाण्यात परत ढकललं. "नेल्डानं मला चर्चमध्ये सांगितलं, आर्विल बिचारा पडून आहे. तुझ्यासाठी गोडाचा एक तुकडा बाजूला काढून ठेवला होता मी. पीकन-पायचा."

त्या तुकड्याचं ऐकून आर्विलला जे झालं, ते शिव्यांनी झालं नसतं.

"मला वाटलं, तू मला टाकलंस," तो म्हणाला.

"मग तोंड नव्हतं तुला?"

"तूही काही बोलला नाहीस."

"बोलायचं काय? तुझी खुर्ची आहे ती. तिच्यावर बसतोस का म्हणून तुला विचारू?" ग्रेडीनं ओढाताणीत मोडलेली छत्री कप्प्यात फेकली. "बाकीची तीन कुठे आहेत ते दाखव आता. दिवस काढायचाय."

आर्विलनं दाखवली. एकेरी आमिष टाकून, जुन्या पद्धतीनं, झाडांच्या कडेकडेनं त्यांनी दिवसभरात तीन मासे धरले, तेही बेताचे. बाकी वेळ दोघं गप्प होते. रोजचं गप्प बसणं वेगळं, हे वेगळं. आर्विलला दोन्हींतला फरक नीट कळत होता.

वजनाच्या काट्याशी डेरिक आणि त्याचा सासरा पहिले आले. धरणाच्या तोंडाशी छत्रीवर पाचही मासे, एकेक बाळाएवढा. टाळ्या झाल्या. आर्विलनंही दोनदा वाजवल्या.

"ग्रेडी, तू पुलाखाली नाही गेलास?" डेरिकनं विचारलं. "ती जागा तर तूच मला दाखवलीस, म्हणून मी तिकडे फिरकलो नाही."

"गेलो होतो. खाली कुणीतरी झाडं टाकलीयत."

"कुणी?"

"असेल कुणी मूर्ख म्हातारा," ग्रेडी म्हणाला आणि आपले मासे सोडायला पाण्याकडे गेला.

डेरिक आर्विलकडे वळला. "मिस्टर आर्विल, वाईट झालं हो. तुम्हाला दाखवायचं म्हणून त्यानं किती दिवस तालीम केली. तुमच्या खांद्याला जमेल का, हेच सारखं विचारायचा."

आर्विलला तो मुलगा मनापासून आवडायला हवा होता. नाही आवडला.

घरासमोर ट्रक थांबला तेव्हा ग्रेडीनं इंजिन चालूच ठेवलं.

"पुढच्या शनिवारी डेरिक येतोय माझ्याबरोबर," तो म्हणाला. "विचारत नाहीये. सांगतोय."

"बरं."

"तू म्हणालास ना, मी बोललो नाही. म्हणून बोललो."

आर्विल खाली उतरला. काठ्या काढल्या. खिडकीशी थोडा घुटमळला. "आणि त्याच्या पुढच्या?"

"त्याच्या पुढच्या शनिवारी हॉर्न वाजेल. पँट घालून बस." ग्रेडीनं गिअर टाकला. "आणि ती बारीक तारेची छत्री घरी ने. माझ्या गाठी सोड आणि तुझ्या मार."

आठवडाभर आर्विलनं गॅरेजमध्ये बसून ते काम केलं. निळी तार वापरली. छत्री अशी झाली, की हॅचरनं पाहिली असती तर काचेच्या कपाटात ठेवली असती.

पुढच्या शनिवारी तो नेहमीच्याच वेळी जागा झाला. कॉफी घेऊन व्हरांड्यात बसला. उजाडण्याआधी ग्रेडीचा ट्रक रस्त्यानं आला, मागे होडी, आत दोन डोकी. हॉर्न वाजला नाही. मागचा लाल दिवा वळणाआड जाईपर्यंत आर्विल कप तोंडाशी धरून बसला होता, पण घोट घेतला नाही.

मग सूर्य वर आला. स्वच्छ, लख्ख. समोरच्या झेंड्याचं कापड काठीला चिकटून लोंबत होतं. आर्विल उठून अंगणाच्या टोकापर्यंत गेला, बोट ओलं करून वर धरलं आणि आत आला.

"काय रे?" नेल्डानं विचारलं.

"वारा नाही," तो म्हणाला. "ढगही नाही. आज नाही चालायची." आणि खुर्ची ओढून त्यानं स्वतःहून दुसरं बिस्किट मागितलं.