नानांच्या घरचा दोर

दीपमालाचा तापटपणा सोनगीरजवळच्या कातळावर चढाई शिकायला येणाऱ्या प्रत्येक मुलीला ठाऊक होता. धुळ्यात नर्स असलेली ही बाई रविवारी मुलींना शिकवायची. हेल्मेटचा पट्टा जरा सैल दिसला, तरी पोरीला खाली बसवायची. चढाईचा दोर मात्र ती पायथ्याशी राहणाऱ्या लोटननानांकडे निर्धास्त ठेवायची.

एका रविवारी दोर चिखलाने माखलेला निघाला. शेजाऱ्याचा ट्रॅक्टर नाल्यात रुतला, म्हणून नानांनी तो याच दोराने ओढून काढला होता. अडल्यानडल्याला नाही म्हणणं त्यांना जमायचंच नाही.

"धुई टाकसू, काय व्हयनं तेले?" पाण्याची बादली पुढे ओढत नाना हसले.

दीपमालाने दोर बोटांतून सरकवत चाचपला. एका जागी तो आतून पोकळ लागला. तिने नानांच्या डोळ्यांदेखत त्याचे तुकडे केले.

"दिसायला धड आहे नाना, म्हणूनच कापला. चुकून कुणी यावर चढली, तर थेट खाली येईल."

नानांनी तोंड फिरवलं. त्या दिवशीची चढाई बुडाली म्हणून पोरी कुरकुरत परतल्या. तुकडे म्हशी बांधायला गेले.

नवा दोर आला, तो दीपमालाने पुन्हा नानांच्याच घरी ठेवला.  पुढच्या रविवारी नाना कातळाखाली खाट टाकून बसले. फोटो काढणाऱ्या एका पाहुण्याचा बूट दोरावर पडला, तसे ते दीपमालापेक्षाही मोठ्याने कडाडले,

"पाय उचल भाऊ! त्या दोरले पोरीस्ना जीव टांगेल शे!"