अंगणवाडीच्या अक्का आणि चार अ‍ॅपं

मुलांसाठीचं कुठलंही अ‍ॅप दाखवलं, की अक्का आधी त्याचा आवाज बंद करायच्या. टॅब मांडीवर घेऊन, चष्मा नाकाच्या शेंड्यावर आणून त्या बटण शोधायच्या आणि टाळ्या, शिट्ट्या, गाणी सगळं गप्प करून टाकायच्या. मग त्या मुक्या पडद्याकडे पाच-दहा मिनिटं नुसत्या बघत बसायच्या. पहिल्यांदा मला वाटलं, यांना आवाजाचा त्रास होतो. विचारलं तेव्हा म्हणाल्या, "वाजी-गाजीसन पोरेसले भुलावतस, भाऊ. मुकं करीसन देखा, मंग समजस." वाजवून-गाजवून पोरांना भुलवतात, मुकं करून बघा, मग समजेल.

शिंदखेडा तालुक्यातल्या एका गावात माझी पहिली नेमणूक झाली तेव्हाची ही गोष्ट. मी जळगाव शहरात वाढलेला, घरात पुस्तकी मराठी. शाळेच्या आवारातच अंगणवाडीची एक खोली होती आणि त्या खोलीत अक्का तीस वर्षं होत्या. गावातल्या निम्म्या बापांना त्यांनी नाक पुसायला शिकवलं होतं. त्यांचं नाव हजेरीपटावर होतं, पण गावात ते कोणी घेत नसे. म्हाताऱ्यांपासून शेंबड्या पोरांपर्यंत सगळ्यांच्या त्या अक्काच.

गावातून बाहेर जाऊन बरं बस्तान बसलेल्या एका कुटुंबाने शाळेला दहा टॅब दिले. पाठोपाठ केंद्रप्रमुखांनी माझ्यावर काम सोपवलं: लहान मुलांना भाषा आणि वाचन शिकवणारी अ‍ॅपं तपासून केंद्रातल्या सगळ्या शाळांसाठी यादी करायची. मी तरुण होतो, उत्साही होतो. दोन दिवसांत सदतीस अ‍ॅपं उतरवली, जास्त तारे मिळालेली वर ठेवली आणि यादी घेऊन अक्कांकडे गेलो, कौतुक होईल या आशेने. त्यांनी यादी वाचली आणि विचारलं की यातलं एक तरी तुम्ही पोरांच्या हातात देऊन पाहिलंत का. मी पाहिलं नव्हतं.

त्यानंतर तीन महिने दुपारची सुट्टी झाली की आम्ही दोघं व्हरांड्यात बसायचो. अक्कांची पद्धत ठरलेली. नवं अ‍ॅप त्या कधी हुशार मुलाच्या हातात देत नसत. हुशार पोर कशातूनही शिकतं, त्यावरून अ‍ॅपची परीक्षा होत नाही, असं त्यांचं म्हणणं. टॅब आधी जायचा रोशनीकडे. रोशनी पहिलीत होती, आजीपाशी राहायची आणि वर्गात तिचा आवाज मी महिनोन् महिने ऐकला नव्हता. अक्का तिच्या मागे बसायच्या, तिच्या बोटाकडे लक्ष ठेवून. बोट अक्षरांकडे जातंय की वरून पडणाऱ्या चांदण्यांकडे, एवढंच बघायचं. मुलांच्या वजनाच्या जुन्या रजिस्टरच्या कोऱ्या पानांवर त्या नोंदी करायच्या. "दिसायला गोड. पोर नुसतं टिचक्या मारतं." "बडबडगीताच्या मधेच पत्त्यांच्या जुगाराची जाहिरात." "बाई फार घाईत बोलते, पोराला उत्तर द्यायला सवड नाही." त्यांचं लिहिणं शुद्ध मराठीत असायचं, बोलणं मात्र अहिराणीत. हा फरक तेव्हा माझ्या नजरेत आला, पण त्यामागे काही असेल असं वाटलं नाही.

एक अ‍ॅप मला फार आवडलं होतं. चित्र दिसायचं, मुलाने नाव उच्चारायचं, अ‍ॅप ऐकून बरोबर की चूक ते सांगायचं. रोशनीच्या समोर माकडाचं चित्र आलं. ती चक्क बोलली. हळूच म्हणाली, "वांदर." पडद्यावर लाल फुली आली आणि एक गोड आवाज म्हणाला, पुन्हा प्रयत्न करा. रोशनी जरा मोठ्याने म्हणाली, "वांदर." पुन्हा फुली. तिसऱ्यांदा तिने बाहेर झाडाकडे बोट दाखवलं, जणू अ‍ॅपला दिसत नसेल तर दाखवावं, आणि तेच म्हणाली. तिसरी फुली आल्यावर तिने टॅब खाली ठेवला आणि दोन्ही हात फ्रॉकखाली लपवले. त्या दिवशी ती परत बोलली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. अक्कांनी ते अ‍ॅप स्वतःच्या हाताने काढून टाकलं. मी म्हणालो की बाकीच्या मुलांना त्याचा उपयोग होईल, प्रमाण भाषा तर शिकवावीच लागणार. त्या माझ्याशी वाद घालत नसत, पण त्या दिवशी त्यांचा चेहरा असा झाला की मी तो विषय तिथेच सोडला.

शेवटी चार अ‍ॅपं उरली. त्यातलं एक तर अगदीच साधं होतं. चार रंगांची चित्रं, छोट्या छोट्या गोष्टी, पान मुलानेच उलटायचं. ना टाळ्या, ना चांदण्या. पण टॅब ठेवला की मुलं भांडायची: बकरी घरी पोचली असेल की नाही, कोल्हा खरं बोलला की खोटं. अक्कांची शेवटची कसोटी तीच होती. "टॅब ठेवावर पोर काय बोलस, ते देखा," त्या म्हणायच्या. टॅब ठेवल्यावर पोर काही बोललं नाही, तर त्यांच्या लेखी ते अ‍ॅप कामाचं नव्हतं. शिक्षण परिषदेत मी चार नावं वाचली तेव्हा हशा पिकला. दुसऱ्या केंद्रांच्या याद्या तीन-तीन पानांच्या होत्या. मी मान खाली घालून बसलो. पण पुढे रोशनी त्या साध्या अ‍ॅपवर गोष्ट वाचायला लागली, एकेका शब्दावर बोट ठेवत, आणि 'माकड' हा शब्द आला तेव्हा तो वाचून शेजारच्या मुलीला तिने सांगितलं, म्हणजे वांदर. त्या दिवसापासून मला कुणाच्या हसण्याचं काही वाटेनासं झालं.

अक्कांचा मुलगा संदीप सुरतेला होता. साडीच्या कारखान्यात सुपरवायझर. त्याची मुलगी आरोही तेव्हा चार वर्षांची. दर रविवारी व्हिडिओ कॉल यायचा आणि अक्का त्यासाठी केस विंचरून बसायच्या. आरोहीच्या हातात टॅब असायचा. तिला ग्रहांची इंग्रजी नावं पाठ होती, रंग येत होते, शंभरपर्यंत आकडे येत होते. सगळं अ‍ॅपवरून, असं सूनबाई अभिमानाने सांगायची. अक्का कौतुकाने ऐकायच्या आणि विचारायच्या, "जेवनी का व, माय?" मुलगी आईकडे बघायची. आई हिंदीत सांगायची. मुलगी हिंदीत उत्तर द्यायची. मग आजी आणि नात पडद्यातून एकमेकींकडे बघत राहायच्या.

एका सोमवारी अक्कांनी मला विचारलं की आपल्या बोलीतलं एखादं अ‍ॅप आहे का. मी पंधरा दिवस शोधलं. चार वर्षांच्या मुलीपुढे ठेवता येईल असं अहिराणीतलं काही मला सापडलं नाही. पण आमच्या चारांपैकी एका अ‍ॅपमध्ये आपलं पुस्तक आपण करायची सोय होती: फोटो घालायचा, खाली दोन ओळी लिहायच्या आणि आपल्या आवाजात त्या वाचायच्या. हे सांगितल्यावर दुसऱ्या दिवशी अक्का जरीकाठाची साडी नेसून आल्या. मी म्हणालो, अक्का, आवाजच तर भरायचाय. त्या म्हणाल्या, नातीशी बोलायचंय. पोरं घरी गेल्यावर अंगणवाडीच्या खोलीत आम्ही अकरा पुस्तकं केली. चूल, गोठा, कापसाचं बोंड, नदीचं कोरडं पात्र, दारातली शेळी. शेळी मधेच ओरडली तरी त्यांनी ते तसंच ठेवायला लावलं.

पुस्तकं सुरतेला पाठवली. संदीप फोनवर म्हणायचा, हो आई, बघते ती. अक्का रोज काहीतरी नवं सुचवायच्या. बारावं पुस्तक कशाचं करायचं हे त्यांनी ठरवूनही ठेवलं होतं. दिवाळीत त्या आठ दिवसांसाठी सुरतेला गेल्या आणि चौथ्या दिवशी परत आल्या. बारावं पुस्तक करू या, असं मी म्हटलं तेव्हा त्या खिचडीचं पातेलं घासत होत्या. मान वर न करता त्यांनी सांगितलं की नातीच्या टॅबवर ते अ‍ॅपच नव्हतं. सूनबाईने काही लपवलं नाही. आरोहीच्या बालवाडीतल्या बाईंनी बजावलं होतं, दोन-दोन तीन-तीन भाषा कानावर पडल्या तर मूल गोंधळतं, प्रवेशाच्या वेळी अडखळेल. म्हणून काढून टाकलं. अक्का म्हणाल्या की तिचं काही चुकलं नाही, तिलाही आपली पोर पुढे जायला हवी. मग पातेलं पालथं घालून घरी गेल्या.

पुढच्या वर्षी त्यांची किडनी गेली. आठवड्यातून दोनदा धुळ्याला डायलिसिस. जाताना एसटीने जायच्या, येताना कोणी ना कोणी सोबत असायचं. शनिवारी शाळा सकाळची, म्हणून मी जायचो. त्या यंत्राशेजारी चार तास पडून राहायचं असे. एकदा पलीकडच्या पलंगावरच्या बाईचा नातू मोबाइलवर काहीतरी वाजवत बसला होता. मला वाटलं, अक्का आवाज बंद करायला सांगतील. पण त्या डोळे मिटून म्हणाल्या, "वाजू द्या."

आणि मग आजवर न सांगितलेलं त्यांनी सांगितलं. संदीप पाच वर्षांचा होता, त्यांच्याच अंगणवाडीत. त्या नव्याने लागलेल्या. साहेब म्हणाले होते की मुलांची भाषा सुधारा, पुढे शाळेत हसतात. अक्कांनी ते मनावर घेतलं. दुसऱ्यांच्या पोरांना सांगणं अवघड, म्हणून सुरुवात स्वतःच्या पोरापासून केली. तो 'माले' म्हणाला की त्या 'मला' म्हणायला लावायच्या. 'माले भूक लागनी' म्हणाला तर 'मला भूक लागली' म्हणेपर्यंत ताट पुढे येत नसे. एकदा त्याने दुपारपासून संध्याकाळपर्यंत काही मागितलंच नाही.

"मग तो घरमा बोलनाच बंद व्हयना," अक्का म्हणाल्या. घरात म्हणजे त्यांच्याशी. "मित्रेससंगे बोले, मनासंगे नही. मी खूश व्हतू, पोऱ्या सुधरना म्हनीसन. मीच तोडं, भाऊ. सूनबाईनी नही."

 रोशनीचे फ्रॉकखाली लपलेले हात मला आठवले, आणि अक्कांचा त्या वेळचा चेहरा. मी एवढंच विचारलं की हे त्यांनी संदीपला कधी सांगितलं का. त्यांनी नाही म्हणून मान हलवली. कुठल्या भाषेत सांगू, असं काहीसं पुटपुटल्या. मला नीट ऐकू आलं नाही, आणि पुन्हा विचारायचा धीर झाला नाही.

चैत्रात त्या गेल्या. मंगळवार होता, डायलिसिसला निघायचं म्हणून तयार होऊन ओट्यावर बसल्या होत्या, तिथेच. मी शाळेत होतो. निरोप आला तेव्हा पहिलीचा वर्ग गोष्ट वाचत होता. मी मुलांना थांबवलं नाही, गोष्ट संपेपर्यंत दारात उभा राहिलो.

दशक्रियेनंतर दोन दिवसांनी संदीप शाळेत आला. अंगणवाडीच्या कपाटाची किल्ली आणि रजिस्टरं द्यायची होती. बरोबर आरोही, आता सहा वर्षांची. तो माझ्याशी अगदी नेटकं, शुद्ध मराठी बोलत होता. किल्ली दिली, सही केली, उठला आणि पुन्हा बसला. म्हणाला, "सर, आईने काही पुस्तकं केली होती ना? तुमच्याकडे आहेत का?"

शाळेच्या टॅबवर ती होती. आमची मुलं रोज ऐकायची. मी टॅब काढून दिला. तो वर्गातल्या सतरंजीवर बसला, मुलगी त्याला टेकून. पहिलंच पुस्तक चुलीचं. पडद्यावर चूल, तव्यावर भाकरी, आणि अक्कांचा आवाज: "हाई मनी चूल. मना आंडोर सुरतले ऱ्हास. त्याले कळण्यानी भाकर भलती आवडस."

 मुलीने ते दोनदा ऐकलं. तिला 'सुरत' कळलं, 'भाकर' बहुधा कळली. तिने विचारलं, "पप्पा, आंडोर मतलब?"

तो पडद्याकडेच बघत होता. आंडोर म्हणजे मुलगा, पोटचा लेक. मी सांगणार होतो, पण थांबलो.

"आंडोर मतलब," तो म्हणाला, आणि त्याने टॅबवर हात ठेवला. "मैं, बेटा. आंडोर मतलब मैं."

त्याचा हात टॅबवर तसाच राहिला. पुढचं पान त्याच्याने उलटवेना. मग मुलीनेच बोट पुढे केलं आणि ते उलटलं.