आमसूलवाले तात्या

लग्न होऊन रत्नागिरीत आले त्याच आठवड्यात माझ्या अंगावर पित्त उठलं. हातापायांवर लालभडक गांधी. नवरा बोटीवर परत गेलेला, सासूबाई देवळात, आणि मी नवी नवरी मागच्या पडवीत बसून खसाखसा खाजवतेय. तेवढ्यात दगडी गडग्यापलीकडून आवाज आला, "अगो, खाजवू नको, चिघळेल!" मी पदर सावरते न सावरते तोच एक उघडाबंब म्हातारा हातात वाटी घेऊन गडगा ओलांडून अंगणात उभा. "हे भिजवलेलं आमसूल. गांधींवर चोळ. खालचं पाणी पिऊन टाक. साखर घालू नको, औषधाचे लाड करायचे नसतात." एवढं बोलून माणूस आल्या वाटेने चालता झाला. नाव नाही, गाव नाही.

सासूबाई आल्या तोवर गांधी उतरल्या होत्या. वाटी बघून त्या हसल्या. "तात्या येऊन गेले वाटतं! बरं झालं उतरलं. नाय तर परत आले असते."

तात्या आमचे शेजारी. एस.टी.त कंडक्टर होते. सगळी नोकरी राजापूरच्या गाडीवर उभ्याने काढली. वळणावळणाच्या रस्त्यावर कुणाचा चेहरा पांढराफटक पडला की तिकिटं राहायची बाजूला आणि खिशातलं आमसूल यायचं पुढे. "जिभेखाली धरा. गिळू नका. राजापूर यायचं तेव्हा येईल." मी रत्नागिरीत आले तेव्हा ते नुकतेच निवृत्त झाले होते, पण पायाला लागलेली भिंगरी काही निवृत्त झाली नव्हती. सकाळी बाजारात, दुपारी पालीला बहिणीकडे, संध्याकाळी कुणाच्या तरी ओटीवर. आणि जातील तिथे त्यांचा रातांबा, म्हणजे कोकमाचं फळ, आधी जाऊन बसलेला. उन्हातून आलात? कोकमाचं सरबत. जेवण अंगावर आलंय? आमसुलाचं सार. टाचांना भेगा? रातांब्याच्या बियांचं मुठेल, म्हणजे गोठलेलं तेल, रात्री कोमट करून लावायचं. मला दिवस राहिले आणि पाण्याचा घोटसुद्धा पोटात ठरेना, तेव्हा तात्यांच्या साराने मला तारलं, हे मी कुणापुढेही कबूल करीन. "कोकणी माणसाला रोग दोनच," ते म्हणायचे, "एक पित्त आणि दुसरा मुंबई. दुसऱ्यावर माझ्याकडे औषध नाही."

माई, म्हणजे त्यांची बायको, अगदी उलट. शांत, हळू बोलणारी. तात्यांचं व्याख्यान सुरू झालं की त्या माझ्याकडे बघून डोळे मिचकावायच्या. पण स्वतःचं डोकं दुखलं तरी तात्या देतील ते मुकाट्याने प्यायच्या. "प्यायलं की ते गप्प होतात, आणि ते गप्प झाले की माझं डोकं उतरतं," असं म्हणायच्या. त्यांचा संसार त्या पेल्यावर चालला होता म्हटलं तरी चालेल.

दरवर्षी मे महिन्यात पालीहून रातांब्यांच्या पाट्या यायच्या आणि मग तात्यांच्या अंगात वारं शिरायचं. रातांबे फोडायचे, सालं काढायची, त्यांच्याच रसात बुडवून वाळवायची, पुन्हा बुडवायची, पुन्हा वाळवायची, आणि हे सगळं पाऊस यायच्या आत. अर्धा जीव सालांत, अर्धा आभाळात. ढगाचा एवढासा तुकडा दिसला तरी आळीभर हाका. आम्ही बायका हसायचो, शिव्याही घालायचो, पण सुपं घेऊन धावायचोच.

एका वर्षी असंच भर दुपारी आभाळ भरून आलं. आम्ही सगळ्या तात्यांच्या अंगणात सालं भरत होतो. माईंच्या हातातलं सूप खाली पडलं. लाल सालं मातीत विखुरली. तात्या ओरडले, "अगो, काय हे!" आणि मग त्यांनी माईंकडे बघितलं. माई पायरीवर टेकल्या होत्या. "छातीत जळजळतंय," त्या म्हणाल्या.

"पित्त! सकाळपासून उन्हात उभी आहेस, दुसरं काय होणार?" तात्या आत पळाले, पेला घेऊन आले. माई प्यायल्या. तात्या अंगणात येरझाऱ्या घालू लागले. परत आले. "उतरलं?" माईंनी मान हलवली. आणखी एक पेला. माईंच्या कपाळावर घामाचे थेंब उभे राहिले. मी हात धरला तर थंडगार. मी म्हटलं, "तात्या, रिक्षा आणू का?" तर माझ्यावर खेकसले, "पित्ताला रिक्षा? गावात हसं करशील माझं!" आणि तिसरा पेला भरायला वळले. राग आला मला. आजही येतो. पण वळताना ते उंबऱ्याला ठेचकाळले, हेही मी पाहिलं.

माईंनी तो तिसरा पेला हातात घेतलाच नाही. आयुष्यात पहिल्यांदा. म्हणाल्या, "अहो, हे तुमच्या दोन रोगांतलं नाही."

तात्यांच्या हातून पेला सुटला. अनवाणी, उघड्या अंगाने ते नाक्याकडे धावत सुटले आणि रिक्षा घेऊनच आले. अंगणातलं आमसूल कुणी भरलं नाही. पाऊस आला आणि वर्षाचं सगळं वाहून गेलं.

माई वाचल्या. दवाखान्यात डॉक्टर तात्यांना एवढंच म्हणाले, "आजोबा, आमसुलाने पित्त उतरतं. हा हार्ट ॲटॅक होता. आणखी उशीर झाला असता तर हाती लागल्या नसत्या." ते काही रागाने बोलले नाहीत. पण तात्या त्या दिवसापासून खलास झाले.

आता ते कुणालाच काही सांगेनात. कुणी पित्ताचं विचारलं की, "डॉक्टरकडे जा, मी कोण?" पाली बंद. घरातल्या आमसुलाच्या बरण्या कुणाकुणाला देऊन टाकल्या. आणि त्यांची सगळी धावपळ येऊन पडली बिचाऱ्या माईंवर. माईंना ढेकर आला की रिक्षा. जांभई आली की रिक्षा. डॉक्टरांनी तेल-मीठ कमी सांगितलं तर तात्यांनी चवच बंद केली. उकडलेली पडवळं आणि पेजेचा भात. आणि माई घास घ्यायला लागल्या की समोर उभं राहून विचारायचे, "काही होतंय का गो?" वर्षभर, प्रत्येक जेवणाला. माई वाळत चालल्या. मला म्हणाल्या, "पोरी, मी त्या दुखण्यातून उठले. ह्यांच्या भीतीतून कशी उठू?" मला रडूच आलं.

दोघंही आता नाहीत. तात्या आधी गेले, माई नंतर बऱ्याच वर्षांनी. पण मला ते दोघं आठवतात ते त्या दुखण्यानंतरच्या उन्हाळ्यातल्या एका दुपारचे. मी केळीची पानं द्यायला गेले होते. माई ताट पुढे घेऊन बसलेल्या आणि जेवत नव्हत्या. "मला आमसुलाचं सार हवंय," त्या म्हणाल्या.

"नाय. मी त्याला हात लावणार नाय. माझ्या हाताने मारत होतो तुला."

"औषध म्हणून मागतच नाहीये मी. औषध डॉक्टरांचं घेतेय. हे भातावर हवंय." मग त्यांनी ताट सरकवलं. "नाहीतर हे उचला. मी जेवत नाही."

घरात आमसूल कुठलं! मी धावत जाऊन आमचं आणलं. तात्या चुलीपुढे उभे राहिले. आमसुलं कोळली, जिरं, गुळाचा खडा, मिठाची नुसती चिमट. मी पातेलं धरलं. माईंनी भात कालवला. एक घास घेतला, दुसरा घेतला. तात्या समोर उभे.

"काही होतंय का गो?"

"होतंय," माई म्हणाल्या.

तात्यांचा हात खुंटीवरच्या सदऱ्याकडे गेला.

"भूक लागल्ये. आणखी भात वाढा."