ओरखडा नसलेली गिटार

चष्म्याच्या दुकानात काचा पुसता पुसता त्यांना पुसायची सवय लागली, की मुळात पुसायची हौस होती म्हणून ते त्या दुकानाला चिकटले, हे त्यांच्या बायकोलाही सांगता येत नसे. ऑर्केस्ट्रातल्या मंडळींनी त्यांचं नाव पुसणीस ठेवलं. ते इतकं रुळलं, की दारावर खऱ्या आडनावाची पाटी पाहून लोक चुकून शेजारची बेल वाजवत.

दिवसा दुकान, संध्याकाळी क्लबचा ऑर्केस्ट्रा. तिथे ते बेस गिटार वाजवत. चार जाड तारांची, गर्द लाल, लग्नाच्या वर्षी घेतलेली. घामाने रंग जाऊ नये म्हणून ते उजव्या हाताखाली रुमालाची घडी ठेवत. कंबरेच्या पट्ट्याचं बक्कल गिटारच्या पाठीला ओरखडे काढतं, म्हणून कार्यक्रमाला पँटला पट्टाच लावत नसत. त्यामुळे त्यांना वाजवताना नाचलेलं कुणी कधी पाहिलं नाही.

"माझ्या कपाळावरचा घाम कधी टिपलात का हो?" बायको विचारी.

"तुझा रंग जात नाही," ते म्हणत.

पुढे ऑर्केस्ट्रा बंद पडला. गिटार पेटीत गेली. दर रविवारी ते ती काढत, वाजवत, पुसत आणि ठेवून देत. मग एक दिवस क्लबच्या नव्या सेक्रेटरीचा फोन आला. जुन्या ऑर्केस्ट्राची एक संध्याकाळ करायची होती. पुसणिसांनी फोन ठेवला आणि खुर्चीत बसून राहिले. त्या गिटारवर लोकांसमोर पुन्हा एकदा वाजवायला मिळावं, एवढंच त्यांना हवं होतं. तेही त्यांनी कुणाकडे मागितलं नव्हतं.

तालमीला त्यांनी पेटी उघडली. सेक्रेटरी वाकून बघू लागला.

"काका, नवी घेतलीत?"

"छे! माझ्या लग्नाच्या वर्षीची."

"एकही ओरखडा नाही?"

"एकही नाही," पुसणीस खुलून म्हणाले.

सेक्रेटरीचा चेहरा पडला. "लोक जुना काळ बघायला येणार, काका. ही तर काल शोरूममधून आणल्यासारखी दिसते. ही बघा माझ्या भाच्याची."

भाच्याच्या गिटारचे पोपडे उडालेले होते. खालचं लाकूड दिसत होतं, स्क्रू गंजलेले होते. पुसणिसांना मनापासून वाईट वाटलं. त्यांनी शेजारी उभ्या भाच्याला विचारलं, "किती वर्षं वाजवतोयस रे?"

"गेल्याच महिन्यात आली, काका. फॅक्टरीतूनच अशी येते."

"तुमची जरा जुनी दिसेल असं बघा," सेक्रेटरी म्हणाला. "नाहीतर भाचा आहेच."

पुसणिसांनी गिटार दुरुस्त करणाऱ्या मित्राचं दुकान गाठलं. तिथे डाव्या भिंतीवर जुन्या गिटारी नव्या होण्याची वाट पाहत होत्या, उजव्या भिंतीवर नव्या गिटारी जुन्या होण्याची.

"ये. चेपून देऊ की खरवडून?" मित्राने सगळं ऐकून विचारलं. "वरच्या टोकाला सिगारेटचा चटकाही देतो. हल्ली सगळे मागतात."

"मी सिगारेट ओढत नाही."

"मग एकच देतो. हलकासा."

"गेलेला रंग पुन्हा येईल?"

"रंग येईल. हा येणार नाही." मित्राने पॉलिश पेपर हातात घेतला. "आधी वाजव बघू. हात घासतो कुठे ते कळलं, की तिथला रंग काढतो. खोटं करायचं तरी नीट करावं."

पुसणिसांनी गिटारचा पट्टा खांद्यावर घेतला, हाताखाली रुमाल ठेवला आणि वाजवू लागले. मित्र समोरून बघत राहिला, मग बाजूने.

"अरे, तुझा हात तर कुठे लागतच नाही."

"नाहीच लागत."

"मग झिजवू कुठे?" मित्राची नजर त्यांच्या डाव्या खांद्यावर गेली. गिटारच्या वजनाने तो कायमचा उतरला होता. त्यांचा कोट शिवताना शिंपी त्या बाजूला जास्त कापूस भरी. "झीज सगळी तू स्वतःवर घेतलीस, लेका. तुलाच स्टेजवर टांगायला हवं."

पुसणिसांनी गिटार पेटीत ठेवली. "राहू दे."

"चहा तरी घे," मित्र म्हणाला आणि पॉलिश पेपर खणात टाकला.

तोवर तालमीत एक अडचण झाली होती. भाच्याला चार गाण्यांपलीकडे काही वाजवता येत नव्हतं. सेक्रेटरीने डोकं चालवलं. पुसणिसांनी पडद्यामागे बसून वाजवायचं, भाच्याने वायर न जोडता पुढे उभं राहायचं. "आवाज तुमचा, रूप त्याचं," तो म्हणाला. पुसणिसांनी फक्त खुर्ची कुठे ठेवणार ते विचारलं.

कार्यक्रम फार रंगला. शेवटी लोक स्टेजवर चढले आणि भाच्याच्या गिटारचे फोटो काढू लागले. क्लबच्या एका जुन्या सभासद बाईंनी तिच्या पोपड्यांवरून हात फिरवला. त्यांचे डोळे भरून आले.

"हीच ती! हिच्यावर आम्ही नाचलोय!"

"जपून ठेवलीय," भाचा म्हणाला.

घरी जाताना बायको फणफणत होती. "पडद्यामागे बसवलं तुम्हाला! आणि तुम्ही बसलात!"

"वाजवलं ना पण."

"दिसलात का कुणाला?"

पुसणिसांनी विचार केला. "समोर दिवे किती प्रखर होते, पाहिलेस? त्या उजेडाने लाल रंग उडतो. त्या पोराच्या गिटारला काय फरक पडणार आहे म्हणा!"

बायको जिन्यातच थांबली.  मग तिने खाली वाकून पेटीचं दुसरं टोक धरलं.

"सावकाश," ते म्हणाले. "कठडा लागेल."