मंगळावर पाणी, कोल्हापुरात घागर

दुर्बीण एक आणि अध्यक्ष व्हायला तयार माणसं चार, अशा मंडळात किश्श्यांना तोटा नसतो. आमचं आकाशमंडळ शाहूपुरीत एका छापखान्याच्या माडीवर भरायचं. मी शाळेत विज्ञान शिकवायचे आणि मंडळात बाई अशी मी एकटीच. त्यामुळे चहा कुणी करायचा, यावर कधी वाद झाला नाही. बाकी सगळ्यावर झाला.

*

मंगळावरून आलेला एक दगड अंटार्क्टिकात सापडला आणि त्यात जीवाच्या खुणा असाव्यात, अशी बातमी पेपरात आली. झालं, मंडळ फुटलं. खुणा खऱ्या मानणारे ते जीववाले, न मानणारे ते दगडवाले. मी दगडवाली. आमच्याकडे गट पडले की पेठांच्या फुटबॉल संघांसारखे हाडवैरी पडतात. जीववाल्यांनी आणलेल्या भज्यांना आम्ही हात लावेनासे झालो.

एकदा आवाज इतका चढला की अध्यक्ष देसाई सर हात जोडून म्हणाले, "मंगळावरचा जीव राहू दे, खालच्या छापखानेवाल्याचा जातोय. जरा हळू भांडा."

*

जीववाल्यांचा पुढारी विकास, आमचा सेक्रेटरी. गावोगाव स्लाइड दाखवत मंगळावर व्याख्यानं द्यायचा. नेसरीला त्यानं मंगळावरची नद्यांसारखी कोरडी पात्रं दाखवली आणि इथून एके काळी पाणी वाहिलं असणार, असं सांगितलं.

मागून एक आजोबा उठले. "ऊस हाय का तिथं?"

"नाही."

"मग पाणी न्हवतंच कधी. पाणी असल्यावर ऊस लावल्याबिगर कोण ऱ्हातंय व्हय?"

आजोबा खाली बसले. त्या दिवशी दगडवाल्यांना एक मत फुकटात मिळालं.

*

विकासच्या व्याख्यानाचा शेवट ठरलेला असायचा. "मंगळ म्हणजे गंजलेली धूळ. तुमच्या मुलींची त्याला नावंसुद्धा ठाऊक नाहीत. पत्रिकेतल्या मंगळाला भिऊ नका." जयसिंगपूरला हे ऐकून एक बाई पदर डोळ्याला लावून बसली होती. मला हा माणूस त्या वाक्यापायी आवडला, हे सरळच सांगते.

दुर्बिणीची भिंगं पुसता पुसता त्यानं मला लग्नाचं विचारलं. मी हो म्हटलं. त्याच्या आईनं माझी पत्रिका मागितली. पत्रिकेत कडक मंगळ.

"तुला तर म्हाईत हाय, माझा असल्यावर विश्वास न्हाई," विकास म्हणाला. "पण आईनं जिवाला घोर लावून घेतलाय."

"गंजलेली धूळ ना ती?"

"घरातल्या बोलण्यात व्याख्यान कशाला आणतीस?"

*

मी गोष्ट मंडळाच्या बैठकीत मांडली. म्हटलं, आपला सेक्रेटरी बाहेर एक सांगतो आणि घरात एक करतो, मंडळाचं यावर काही म्हणणं आहे का?

सगळे छताकडे बघायला लागले. देसाई सर म्हणाले, "ही वैयक्तिक बाब आहे." जीववाल्यांनी मान हलवली, दगडवाल्यांनीही हलवली. त्या दगडानंतर दोन्ही गटांचं पहिल्यांदा एकमत झालं, ते माझ्यावर.

दुर्बिणीचा स्टँड शिरोलीच्या फाउंड्रीत ओतून आणणारे मुलाणीचाचा तेवढे बोलले. "वैयक्तिक कशी वो सर? इतकी वर्सं अजेंड्यावर मंगळच हाय की."

सरांनी पुढचा विषय घेतला. पुढचा विषय चटयांचा होता.

*

मग विकास तोडगा घेऊन आला. त्याच्या मावशीनं सुचवलेला कुंभविवाह. म्हणजे मुलीचं लग्न आधी पाण्यानं भरलेल्या घागरीशी लावायचं. मंगळाचा काय तो फटका घागरीला बसतो, घागर नदीत सोडायची आणि मुलगी खऱ्या नवऱ्याला मोकळी.

"घटकाभराचं काम हाय," तो म्हणाला. "एक प्रयोग समज."

"प्रयोग तर प्रयोग. मग तुलना करायला दुसरी घागर लागेल. तिच्याशी तू लाव."

"मी? मला कुठं मंगळ हाय?"

मी पुसायला घेतलेली भिंगं तशीच टाकून घरी गेले. आईसमोर बसून पोटभर रडले. घागरीशी लग्न करून या माणसाच्या घरात जायचं नाही, एवढं त्या दिवशी ठरलं. त्यानं पुढच्याच मुहूर्तावर बिनमंगळाची मुलगी केली. व्याख्यानं चालूच होती आणि शेवटचं वाक्यही तेच होतं.

*

पुढं काही वर्षांनी मंगळ पृथ्वीच्या फार जवळ आला. मंडळानं शाळेच्या मैदानात लोकांना तो दाखवायचं ठरवलं. ऑगस्टातलं कोल्हापूर, आभाळ गच्च. दोन संध्याकाळी लोक ढग बघून परत गेले. तिसऱ्या दिवशी रात्री नवाच्या सुमारास ढग फाटले आणि हा मोठा तांबूस मंगळ वर आलेला. लाइन फाटकापर्यंत गेली. माईकवर विकास होता आणि दुर्बिणीशी मी.

लाइनीत त्याची आई आली. मला ओळखलं. हळूच विचारलं, "तुजं कुठं जमलं का गं?"

"नाही, काकू. इथं डोळा लावा."

तिनं पदर सावरला, वाकून डोळा लावला. बराच वेळ लावला. मागची माणसं कुरकुरायला लागली तरी हलली नाही. मग डोळा न काढताच म्हणाली,

"एवढासाच व्हय गं ह्यो?"